साडभाऊंनी घातलेली मांडी

बुलढाणा जिल्ह्यात सगळ्यांत जास्त गुडघे कोणी पाहिले असतील, तर ते कुठल्या हाडांच्या डॉक्टराने नव्हे, माझ्या साडूने. हे मी पैजेवर सांगतो. समोरून माणूस आला की आपण त्याचं तोंड पाहतो. आमचे साडभाऊ आधी खाली पाहतात. देऊळघाटच्या स्टँडवर ते उभे असले आणि गाडी आली, की उतरणाऱ्यांचे चेहरे त्यांना दिसतच नाहीत. कोणी कुठला पाय आधी टाकला, कोणी दांडी घट्ट धरली, कोण उतरताना एका अंगाला कललं, एवढंच दिसतं. एकदा त्यांचा स्वतःचा जावई गाडीतून उतरून त्यांच्या समोर येऊन उभा राहिला, तर साडभाऊ ताईंना म्हणाले, "हे पोरगं कोनाचं आहे वो? डावा गुडघा कच्चा आहे याचा." ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि हे तिचे यजमान. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात, म्हणून मी त्यांना साडभाऊ म्हणतो आणि तेही मला तेच म्हणतात. हसत हसत लिहावं असाच हा माणूस आहे, आणि मी तसा प्रयत्नही करणार आहे. पण लिहायला बसलो ते लाज वाटते म्हणून, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

साडभाऊ वीज खात्यात लाईनमन होते. तीसेक वर्षं खांबांवर चढले आणि उतरले. त्यांच्या मते चढण्याने माणसाला काही होत नाही, वाट लागते ती उतरण्यात. नोकरीत असतानाच त्यांच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागलं. वर्षभर तेल झालं, मलम झालं, पट्टा झाला, कुणी सांगितलेला पाला बांधून झाला. शेवटी बुलढाण्यात फिजिओथेरपी करणारी एक नवी मुलगी आली होती, तिने त्यांना टेबलावर झोपवलं, पाय हलवून पाहिला, खाली-वर बसायला लावलं आणि सांगितलं, की काका, तुमची वाटी झिजलेली नाही की फुटलेली नाही, ती नुसती चिडलेली आहे. हे साडभाऊंना इतकं पटलं, की त्या मुलीने अर्ध्या तासात जे सांगितलं त्यावर त्यांनी पुढचं सगळं आयुष्य काढलं. फक्त तिचं बोलणं त्यांनी आपल्या खात्यात वर्ग करून घेतलं. "वाटी म्हंजे पुली," ते सांगतात. "पाय वाकवला का तार ताणते, पुली दाबल्या जाते. सरळ केला का ढिली. आता तुमी दोन घंटे मांडी घालून बसले तर पुलीनं काय करावं? आन् मांडीचा स्नायू, कमरेचा स्नायू, हे खांब. खांबच कलले तर तार सरळ कशी राहीन?" दुखतं म्हणून चालणंच सोडून खाटेवर पडणाऱ्यांचा त्यांना भारी राग. "लाईन बंद नाई कराची राजेहो, लोडशेडिंग कराचं. थोडं कमी चाला, पण चाला. दुखणं दहात दोन-तीन असलं तर चालते. पाचाच्या वर गेलं तर त्या दिवशी फीडर बंद. आन् दुसऱ्या दिवशी सकाळी पाहाचं, रातीतून उतरलं का नाई." मात्र गुडघा सुजला, अडकला किंवा चालताना एकदम दगा देऊन गेला, की हाच माणूस स्वतः रिक्षा बोलावून त्या रुग्णाला डॉक्टराकडे पाठवतो. "ते माह्या हद्दीत येत नाई," म्हणतात.

हे सगळं ज्ञान घरात ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण साडभाऊंचा उजवा पाय हा सार्वजनिक पाय आहे. जिथे बसतील तिथे तो लांब होतो. एसटीत ते कायम वाटेकडच्या सीटवर बसतात आणि पाय सरळ वाटेत सोडतात. एकदा आम्ही मेहकरहून एका कार्यक्रमातून परत येत होतो. गाडी भरलेली. कंडक्टर दोनदा त्यांच्या पायाला अडखळला आणि भडकला. "ओ काका, पाय आत घ्या ना. लोकं पडतीन." साडभाऊ शांतपणे म्हणाले, "लोकं पाहून चालले तर काऊन पडतीन? आन् तुमी सांगा, दिवसभर या गाडीत उभे राहून तुमचा गुडघा दुखते का नाई?" कंडक्टर म्हणाला, तो कशाला दुखतो. साडभाऊ म्हणाले, "उतरताना?" कंडक्टरचा हात आपसूक गुडघ्याकडे गेला. मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो होतो, आपला आणि यांचा काही संबंध नाही अशा बेताने. बुलढाणा येईपर्यंत तो कंडक्टर तिकिटाचं मशीन छातीशी धरून, दांडीला पाठ टेकवून, थोडासा खाली बसल्यासारखा करून मांडी कडक करत होता आणि साडभाऊ दहापर्यंत मोजत होते. स्टँडवर उतरल्यावर त्याने त्यांना नमस्कार केला. मला मात्र त्या दिवशी लाजच वाटली. त्यांच्या पायाची, त्यांच्या मोठ्या आवाजाची, आणि सगळ्या गाडीने आमच्याकडे पाहिल्याची.

पंगतीत तर विचारू नका. सगळे ओळीने मांडी घालून बसलेले, आणि मधेच एक पाय रेल्वेच्या फाटकासारखा आडवा. वाढणारी पोरं वरणाची बादली घेऊन त्यावरून उडी मारून जातात. विहारात मात्र त्यांची मोठी पंचाईत होते, कारण मूर्तीच्या दिशेने पाय करायचा नाही. त्यावर त्यांनी तोड काढली आहे. ते भिंतीला लागून आडवे बसतात, म्हणजे मान मूर्तीकडे वळवलेली आणि पाय बाजूच्या दाराकडे. त्यामुळे वंदनेला उशिरा येणारा प्रत्येक माणूस आधी त्यांच्या पायाला नमस्कार केल्यासारखा वाकून मग आत येतो. एकदा भंतेजींनी त्यांना विचारलं, उपासक, असे का बसता? साडभाऊंनी पाच मिनिटं वाटी समजावून सांगितली. पुढच्या वेळी भंतेजींसाठी खुर्ची आली होती. त्यांच्या पुतणीला पाहायला मुलगा आला, तेव्हा सगळे पगार आणि शेती विचारत होते, साडभाऊ म्हणाले, "जरा जिना चढून उतरून दाखवता का?" मुलगा चढला, उतरला, वर दोन बैठकाही मारून दाखवल्या. साडभाऊंनी मान हलवली. "गडी चांगला आहे. संसार पेलन."

आता माझं सांगतो. पंचेचाळिशीत मला धावण्याचं वेड लागलं. मी बुलढाण्याला एका कॉलेजात क्लार्क आहे, आणि कॉलनीतल्या सात-आठ जणांचा सकाळी धावण्याचा ग्रुप आहे. सगळ्यांचे टी-शर्ट सारखे. पंधरा दिवसांत मी तीन किलोमीटरवरून दहावर गेलो, आणि शिवाय घाट उतरायला लागलो, कारण घाटात फोटो चांगले येतात. महिन्याभरात दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या दुखायला लागल्या. ऑफिसचा जिना उतरताना, मीटिंगमध्ये तासभर बसून उठताना, पाटावर जेवताना. खामगावला एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला, तो अगदी स्वच्छ आला, गोळ्या दिल्या आणि आराम सांगितला. महिनाभर आराम केला, दुखणं गेलं. पहिल्याच दिवशी पुन्हा दहा किलोमीटर धावलो, दुखणं परत. असं दोनदा झालं. साडभाऊ एकदा घरी आले होते. मी गच्चीवरून खाली येत होतो, ते खाली उभे. माझं तोंड दिसण्याआधीच म्हणाले, "किती दिवसापासून?"

पुढचे चार महिने हा साठीच्या पुढचा माणूस दर रविवारी सकाळी देऊळघाटहून येत होता. येताना एक वीट आणली होती, पिशवीत घालून, जणू बुलढाण्यात विटा मिळत नाहीत. त्या विटेवर एका पायाने चढायचं आणि सावकाश उतरायचं, उतरताना तीन आकडे मोजायचे. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा. भिंतीला पाठ टेकवून थोडंच खाली सरकायचं. "जास्त नाई! दुखन तितलं नाई!" धावणं त्यांनी बंद केलं नाही, कमी केलं. दोन किलोमीटर, सपाट रस्त्यावर, पावलं लहान आणि पटापट. "तुमी एका पंधरवड्यात लोड तिप्पट केला. गावातली डीपी असती तर कवाच जळली असती," असं म्हणून ते माझ्या गुडघ्यावर थाप मारत. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत त्यांनी मला परत दहावर नेलं, आणि शेवटी घाटातही. त्या घाटात ते स्वतः माझ्या बाजूने चालत आले होते, छोटी पावलं टाकत, मोठ्याने मोजत.

आणि मी काय केलं? पहिल्या रविवारपासून मी बाहेरच्या खोलीचं दार लावून घेत होतो. समोर एक प्रोफेसर राहतात, त्यांना हा मोठ्याने "आन् एक! आन् दोन!" करणारा माणूस दिसू नये म्हणून. ग्रुपवाल्यांनी विचारलं, गुडघा कसा काय बरा झाला, तर मी म्हणालो, खामगावचे डॉक्टर, अगदी टॉपचे. हे मी एकदा नाही, चार-पाचदा म्हणालो. एकदा तर साडभाऊ घाटात माझ्यासोबत असताना ग्रुपमधला एकजण भेटला, त्याने हे कोण म्हणून विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या ओळखीचे आहेत." साडभाऊंनी त्याला जयभीम घातला आणि त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं.

मग मुलीचं जमलं. मुलगा पुण्याचा, तिकडेच नोकरीला. त्याचे वडील कॉलेजात शिकवणारे, आई बँकेत. आमचेच लोक, पण बोलणं असं की आपण बोलताना आधी मनात वाक्य लावून घ्यावं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या घरी ठरलं. मी आठ दिवस घर धुवून काढलं. सगळं झाल्यावर मला एकाच गोष्टीची धास्ती राहिली, आणि ती म्हणजे साडभाऊंचा पाय. हॉलमध्ये सतरंज्या, पुढे मूर्ती आणि प्रतिमा, भंतेजी, समोर पाहुणे. आणि तिथे हा माणूस आडवा पाय पसरून व्याह्यांच्या गुडघ्यांबद्दल बोलणार. पाहुणे यायच्या आधी मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. मी त्यांच्याशीसुद्धा शुद्ध बोलत होतो, सरावासाठी. म्हणालो, "साडभाऊ, आजच्या दिवस जरा मांडी घालून बसाल का? आणि थोडं कमी बोललात तर बरं होईल." ताई तिथेच पोळ्या भाजत होत्या. त्यांचा हात थांबला. साडभाऊ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हाव. काऊन नाई."

ते बसले. त्रिशरण-पंचशील झालं, परिचय झाले, व्याही चार शब्द बोलले, भंतेजींनी उपदेश केला, अंगठ्या झाल्या. दोन तासांच्या वर झाले असतील. साडभाऊ दुसऱ्या ओळीत पांढऱ्या शर्टात, ताठ, मांडी घालून. उजव्या हाताचा तळवा वाटीवर दाबून धरला होता आणि कपाळावर घाम होता. मी ते पाहिलं. हे मला लपवायचं नाही. मी पाहिलं आणि मला बरं वाटलं. वाटलं, कसे व्यवस्थित दिसतात आज! फोटोसाठी सगळे उठले आणि साडभाऊ उठू शकले नाहीत. एक हात जमिनीवर टेकवून त्यांनी दोनदा जोर केला आणि दोनदा खाली बसले. मी त्यांच्यापासून चार पावलांवर होतो आणि फोटोवाल्याला कुठे उभं राहू ते विचारत होतो. त्यांना हात दिला तो पुण्याच्या व्याह्यांनी. व्याहीणबाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "अहो, पाय सोडून बसायचं की! माझाही गुडघा केव्हाचा ठणकतोय, रोज जिमला जाते ना. पण इथे सगळेच मांडी घालून बसलेले, म्हटलं आपण एकटीने कसा पाय पसरायचा? तुम्हालाही वाटीमागेच दुखतं का?"

साडभाऊंचं सगळं आयुष्य ज्या प्रश्नाची वाट पाहण्यात गेलं, तो प्रश्न होता हा. एरवी त्यांनी बाईंना तिथल्या तिथे भिंतीला टेकवून उभं केलं असतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. विचारल्यासारखं. बोलू का, म्हणून. एखादं लहान मूल वर्गात बोट वर करून पाहतं तसं. मी फोटोवाल्याकडे पाहू लागलो. साडभाऊ बाईंना एवढंच म्हणाले, "हो, दुखते थोडं," आणि भिंत धरून बाहेर गेले.

त्यानंतर तीन आठवडे मी देऊळघाटला गेलो नाही. बायको म्हणाली, भाऊजींच्या गुडघ्याचं दुखणं बरंच वाढलं आहे, जाऊन या. मी म्हणालो, ऑफिसात काम आहे. तिने विचारलं, "त्यांना मांडी घालायले तुमी सांगतलं होतं का?" मी नाही म्हणालो. पण त्या दिवसापासून माझ्या धावण्याच्या बुटांकडे ती एका वेगळ्याच नजरेने पाहायची. शेवटी एका रविवारी दुपारी मी गेलो. जाताना रस्ताभर वाक्य लावत होतो, की साडभाऊ, माझं चुकलं, मला तुमची लाज वाटत होती, ती वाटायला नको होती. ताईंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "पाहा काय करून राह्यले. माह्यं तर ऐकतच नाईत."

साडभाऊ दोन गोधड्यांच्या घडीवर मांडी घालून बसले होते. समोर भिंतीवरचं घड्याळ. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "या, या. आज सहा मिनिटं. पह्यल्या दिवशी एकच झालं होतं. दर दोन दिवसानं अर्धं मिनिट वाढवून राह्यलो. हिशोबानं लोड वाढवला का सगळं होते. लग्नापावतर पंधरा-वीस मिनिटं तर सहज बसतो. मंगल मैत्रीच्या विधीपुरतं होऊन जाईन. पोरीच्या लग्नात माह्यापायी तुमाले खाली पाहा नाई लागलं पाह्यजे."

मी त्यांच्या समोर जमिनीवर बसलो. म्हणालो, "साडभाऊ, नका बसू तसे. मी त्या दिवशी..." त्यांनी हात वर केला. "थांबा थांबा, चूप बसा. मोजून राह्यलो." आणि ते मोजत राहिले. मला त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती. वाटीवर पुन्हा तोच तळवा दाबलेला होता. मोजणं झाल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी पाय उचलून सावकाश सरळ केला, श्वास सोडला आणि विचारलं, "हं, काय म्हनत होते?" रस्ताभर लावलेली वाक्यं मला एकही आठवेना. मी म्हणालो, "काही नाही. दुखते का?" गेल्या इतक्या वर्षांत मी त्यांना हे पहिल्यांदा विचारत होतो, हे विचारल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "दुखते ना बाप्पा. लय दुखते." आणि लगेच ताईंना चहा टाकायला सांगितला.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. मला अजून ते बोलता आलेलं नाही, म्हणून लिहिलं. ताई हे त्यांना वाचून दाखवतील. साडभाऊ, माझे गुडघे बरे केले ते तुम्ही, खामगावच्या डॉक्टरांनी नाही; ग्रुपमध्ये सगळ्यांना मी हे सांगून आलो आहे. लग्नात तुम्ही पहिल्या ओळीत बसायचं, पाय लांब करून. शेजारी व्याहीणबाई बसतील, तसं मी त्यांना कळवलं आहे. त्यांना खूप विचारायचं आहे तुम्हाला. आणि बोलताना माझ्याकडे पाहू नका.